घाटातला फाल्गुन : पानं नसताना झाडं फुलतात कशी?

माघ सरत आला की खानदेशात मोबाइलवर एकाच धाटणीचे फोटो फिरायला लागतात. डोंगर उघडाबोडका, गवत वाळून पिवळं झालेलं आणि मधोमध एकच झाड केशरी रंगानं पेटलेलं. खाली प्रश्नही ठरलेले. हा पळस की पांगारा? यंदा एवढ्या लवकर कसा फुलला? पाऊसपाण्याचं काही खरं दिसत नाही का? आणि सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न : अंगावर एक पान नाही, जमिनीत ओल नाही, मग हे झाड फुलतं कशाच्या जोरावर?

प्रश्न अगदी रास्त आहेत. पुस्तकातला वसंत म्हणजे हिरवी पालवी आणि मंद वारा. आपल्याकडे चैत्र लागायच्या आत पारा चाळिशीला टेकतो. अशा वेळी फुलणं हा चमत्कार वाटणारच. पण यामागे एक पक्का हिशोब आहे, पाण्याचा. तो समजला की तोरणमाळच्या घाटात किंवा चाळीसगावहून कन्नडला चढताना खिडकीतून जे दिसतं त्याचा अर्थ लागायला लागतो.

आपला वसंत जमिनीवर नसतो

रानफुलं म्हटली की लोकांना साताऱ्याचं कास पठार आठवतं, तेही भाद्रपदातलं. तशी फुलं आपल्याकडेही आहेत. गौताळ्याच्या पठारावर पावसाळ्यात तेरडा फुलतो, कवला पिवळा होतो. पण ती एका पावसाची रोपं. त्यांची मुळं वरच्या थोड्याशा मातीत असतात. तिथली ओल आहे तोवर वाढायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि दिवाळीनंतर वाळून जायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. तापीच्या खोऱ्यात वर्षाकाठी साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. संक्रांतीपर्यंत वरची माती कोरडीठाक झालेली असते. त्यामुळे फाल्गुनात घाटात जाऊन जमिनीवर फुलं शोधणारा निराश होऊन परततो. इथे मान वर करावी लागते. वसंतातली आपली रानफुलं झाडांवर असतात, काही झुडपांवर.

त्यांचा क्रमही सणावारांशी जुळलेला आहे. महाशिवरात्रीच्या सुमारास काटेसावर भरात असते. होळीला, म्हणजे सातपुड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात त्या दिवसांत, पळस. गुढीपाडव्याच्या आगेमागे मोह टपटपायला लागतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहावा. दहा-पंधरा दिवस इकडे तिकडे होतात, पण कोण कोणाच्या आधी हा क्रम सहसा मोडत नाही.

पानं टाकली म्हणजे झाड मेलं नाही

आता मूळ प्रश्न. झाड मुळांनी जे पाणी ओढतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी त्याच्या वाढीला लागतच नाही. ते पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन हवेत जातं. याला बाष्पोत्सर्जन म्हणतात. पावसाळ्यात ही उधळपट्टी परवडते, कारण त्याच छिद्रांतून झाडाला हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळतो आणि त्यापासून अन्न तयार होतं. पण माघात हवा कोरडी होते, ऊन तापतं. वाफ वाढते आणि मुळांना मिळणारं पाणी घटत जातं. पानं तशीच ठेवली तर झाड आतून सुकत जाईल. म्हणून ते पानं टाकतं. त्याआधी पानांतला नत्र आणि इतर कामाचं द्रव्य शक्य तेवढं ओढून घेतं. पान पिवळं पडतं ते यामुळेच.

पुढे काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. उन्हाळ्यात आपल्या कितीतरी गावांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. अशा दिवसांत घरात लग्न निघालं तर माणसं आधी गळके नळ बंद करतात, परसातल्या झाडांचं पाणी तोडतात, येईल तेवढं पाणी टाकीत साठवतात आणि मग मांडव घालतात. पळस आणि सावर नेमकं हेच करतात. पानं गळाली की पाण्याची सगळ्यांत मोठी गळती थांबते. मुळं मात्र खोलवरून थोडंथोडं पाणी आणतच असतात. ते आता खोडात मुरायला लागतं, फांद्या आतून पुन्हा भरतात आणि तेव्हाच कळ्या उमलतात. म्हणजे पानगळ होऊनही झाड फुलतं, असं नाही. पानगळ झाली म्हणूनच त्याला फुलता येतं.

यावर कुणी म्हणेल, फुलांनाही पाणी लागतंच की. लागतं, पण पानांच्या मानानं फार थोडं. पान आठ-नऊ महिने फांदीवर असतं आणि रोज दिवसभर वाफ सोडतं. सावरीचं फूल दोन-तीन दिवसांत खाली पडतं. आणि अन्नाचं काय? ते पावसाळ्यातच तयार होऊन पिठाच्या रूपात खोडात आणि मुळांत साठवलेलं असतं. फाल्गुनातला बहर गेल्या श्रावणाच्या कमाईवर उभा असतो.

दुसरी शंका जास्त बारकाईची आहे. अंजनही पानं टाकतो, तोही खानदेशातलाच, मग तो फाल्गुनात का फुलत नाही? अंजनाचं लाकूड आपल्या रानातल्या सगळ्यांत टणक आणि जड लाकडांपैकी आहे. एवढ्या घट्ट लाकडात पाणी साठवायला जागा कमी. सावरीचं लाकूड हलकं आणि मऊ. गणेर आणि कांडोळही त्याच जातकुळीतले. ही झाडं खोडात पाणी धरून ठेवतात. अंजनाची बारीक, नजरेत न भरणारी फुलं पावसाळ्यात येतात. कोणतं झाड कधी फुलतं याचा धागा बऱ्याचदा त्याच्या लाकडापर्यंत जातो.

पण फुलायचंच तर उन्हाळ्याच्या तोंडावर का? कारण फुलानंतर फळ पिकायला वेळ लागतो. होळीला फुललेल्या पळसाच्या चपट्या शेंगा वैशाख-ज्येष्ठात वाळतात. शेंगेच्या टोकाशी एकच बी आणि बाकीची शेंग वाऱ्यावर गिरकी घेण्यापुरती. सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटतात, कापूस बिया घेऊन उडतो. पाठोपाठ मृगाचा पाऊस. बी जमिनीत पडतं आणि लगेच रुजायला ओल मिळते. फुलणं पावसाळ्यापर्यंत लांबलं असतं तर बी दिवाळीच्या कोरड्या मातीत पडलं असतं.

एवढा भडक रंग कुणासाठी?

फुलातले पराग दुसऱ्या झाडाच्या फुलापर्यंत पोचवायचं काम कुणीतरी करावं लागतं. कोण करणार आहे त्यावर फुलाचा रंग, आकार आणि वेळ ठरलेली असते.

मधमाशीच्या डोळ्याला निळा, हिरवा आणि आपल्याला न दिसणारा अतिनील रंग चांगला दिसतो. लाल रंग तिला नीट उमगत नाही. पक्ष्यांना लाल उत्तम दिसतो. वास मात्र बहुतेक पक्ष्यांच्या कामाचा नसतो. आता पळसाचं फूल हातात घेऊन पाहा. भडक केशरी, वास जवळजवळ नाही, पाकळी बाकदार आणि जाड, तळाशी भरपूर मकरंद. हे पाखराचं फूल आहे. जांभळा शिंजीर त्याची वाकडी चोच आत घालतो आणि त्याच्या डोक्याला, गळ्याला पराग लागतात. सावर आणखी उदार आहे. तिच्या पाच जाड पाकळ्यांच्या पेल्यात एवढा रस असतो की मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, खारी सगळ्यांचा बाजार भरतो. आग्या माश्याही येतात. लाल फुलाकडे माशी जातच नाही असं समजू नये. हिवाळा घालवायला आपल्याकडे आलेल्या भोरड्या परतीच्या वाटेला लागण्याआधी याच झाडांवर थव्यानं उतरतात. त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. पाखरं पाहायची असतील तर फाल्गुनात फुललेल्या सावरीखाली सकाळी तासभर उभं राहावं. अख्खं रान फिरून दिसणार नाहीत एवढी एका झाडावर दिसतात. कोरड्या दिवसांत एवढं गोड आणि ओलं खाद्य दुसरीकडे मिळत नाही. पानांचा आडोसा नसल्यानं लांबून नजरेत भरणं हा फुलाचाही फायदा आणि पाखराचाही.

गणेराची रीत वेगळी. त्याची फुलं झळझळीत पिवळी, तळहाताएवढी, आणि त्यांत मकरंद नाहीच. आहेत ते फक्त पराग, तेही पुंकेसरांत बंद, बाहेर पडायला टोकाशी फक्त लहान भोकं. मोठा काळा भुंगा फुलाला बिलगतो, अंग थरथरवून गुणगुणतो आणि त्या कंपनानं पराग भोकातून बाहेर उडतात. वाऱ्यानं किंवा पाखरानं हे काम होत नाही.

मोह रात्रीचा. फूल फिकट, मांसल, वास जड. त्याच्या पाहुण्यांत वटवाघळं असतात. अंधारात रंगाचा उपयोग नाही, म्हणून रंगावर खर्च नाही.

दरीच्या कड्यावर झाडं ओळीनं का?

तोरणमाळला सीताखाईच्या काठावर उभं राहिलं, किंवा अजिंठ्याला वाघूर नदीच्या नालाकार वळणासमोर, की समोरच्या कड्यावर एक गोष्ट लक्षात येते. फुललेली झाडं कुठेही विखुरलेली नसतात. आडव्या रेघांत उभी असतात.

याचं कारण दगडात आहे. आपला सगळा मुलूख लाव्हाच्या थरांवर थर साचून बनलेला आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा आणि कठीण. तो उभ्या कड्यासारखा राहतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला. तो लवकर झिजतो आणि तिथे पायरी तयार होते. पावसाचं पाणी भेगांतून खाली झिरपतं, घट्ट थराशी अडतं आणि दोन थरांच्या सांध्यातून कड्यावर बाहेर येतं. माती साचते तीही या पायऱ्यांवरच. मग झाडंही तिथंच. फाल्गुनात जिथे केशरी रेघ दिसते तिथे दगडाचे दोन थर भेटतात असं समजायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट उतार कोणत्या दिशेला आहे याची. खानदेशच्या उत्तरेला सातपुडा आहे, त्यामुळे त्याचा आपल्याकडचा उतार दक्षिणेला तोंड करून आहे. हिवाळाभर त्यावर ऊन थेट पडतं. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, तिचा खानदेशात उतरणारा कडा उत्तरमुखी. तिथे सावली जास्त आणि ओल जास्त दिवस टिकते. शहाद्याहून म्हसावदमार्गे तोरणमाळला चढताना झाडं लवकर निष्पर्ण झालेली दिसतात, आणि त्याच दिवसांत कन्नड घाटाच्या घळींमध्ये किंवा चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या रानात अजून हिरवा रंग उरलेला असतो, त्याचं एक मोठं कारण हे.

उंचीचाही भाग आहे. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. त्यामुळे पायथ्याला पळसाची फुलं गळून रस्त्यावर सडा पडलेला असतो, तेव्हा वर काही झाडांच्या कळ्या अजून गडद, मखमली आणि मिटलेल्या असू शकतात. एका झाडाचा बहर चुकला तर निराश होऊ नये, थोडं वर किंवा थोडं खाली पाहावं.

चालत्या गाडीतून ओळखायचं कसं

गाडी चालवणाऱ्यानं हे करू नये. शेजारी बसलेल्यानं करावं. रंगावरून सुरुवात करावी, पण रंगावर थांबू नये.

केशरी आणि बुटका, वेडावाकडा, गर्दीनं वाढलेला : पळस. पठारावर, पडीक रानात, शेताच्या बांधावरही असतो. पानं फुटली असतील तर तिनाचा झुपका लगेच दिसतो. लाल, पण झाड उंच, सरळसोट, फांद्या मजल्यामजल्यानं आडव्या निघालेल्या : काटेसावर. कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात. लालच, पण फुलं फांदीच्या टोकाशी दाटीवाटीच्या तुऱ्यात आणि पाकळ्या अरुंद : पांगारा. फोटोखालचा वाद बहुतेक वेळा इथेच मिटतो. पळसाचं फूल केशरी आणि बाकदार, पांगाऱ्याचं शेंदरी-लाल आणि तुऱ्यात.

कड्यावर, जिथे माती औषधालाही नाही अशा जागी झळझळीत पिवळं काही दिसलं तर तो गणेर. त्याच्या शेजारी फिकट, पांढुरकं, रात्री दचकवणारं खोड दिसलं तर तो कांडोळ. कांडोळाची फुलं लहान, हिरवट-पिवळी असतात, त्याची ओळख खोडावरून करावी. त्याच्या चांदणीसारख्या फळांवर बारीक केस असतात, ते बोटांत रुततात, म्हणून हात लावू नये. सातपुड्याच्या कोरड्या उतारावर सालई दिसते. तिच्या डिंकाचा वास धुपाचा.

रस्ता करताना डोंगर कापलेला असतो तिथे, अगदी डोळ्यांच्या पातळीवर, एक झुडूप असतं. लवचीक फांद्या, त्यांवर ओळीनं लाल, लहान नळ्या. ही धायटी. आसव-अरिष्टं आंबवताना वैद्य हीच फुलं घालतात. घाटातल्या फुलांत ती सगळ्यांत जवळ असते आणि सगळ्यांत कमी लोकांना दिसते, कारण सगळे वर पळसाकडे बघत असतात. करवंदीची पांढरी फुलंही याच दिवसांतली. ती दिसण्याआधी वासानं कळतात, म्हणून काच खाली ठेवावी.

घाटात थांबायचं तर वळणावर नाही, कठड्याला गाडी चिकटवूनही नाही. जिथे रस्ता रुंद आहे आणि दोन्हीकडून दिसतं तिथेच. कन्नड घाटात तर राष्ट्रीय महामार्गाची वाहतूक असते, तिथे पाटणादेवीच्या बाजूला उतरून पायी पाहणं केव्हाही चांगलं. गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ पासून आणि यावल १९६९ पासून संरक्षित आहे. अभयारण्यात फुलं, फांद्या, बिया काहीही तोडता येत नाही.

ते फूल नव्हे, आणि हे आपल्या रानातलं नव्हे

चैत्रात सातपुड्यात एखादं झाड लालभडक दिसतं, जवळ जावं तर फूल एकही नाही. ती कोशिंबाची पालवी. कोवळ्या पानांत हरितद्रव्य पुरेसं भरण्याआधी तांबडं रंगद्रव्य येतं. ते कडक उन्हापासून कोवळ्या पानाला जपतं आणि पानं खाणाऱ्या किड्यांनाही दूर ठेवत असावं, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. मोहाची आणि पिंपळाची पालवीही तांबूस असते. कोशिंबाची मात्र लांबून फुलाला फसवते.

दुसरा गोंधळ गिरिपुष्पाचा. रस्त्याकडेला, वनीकरणाच्या पट्ट्यांत निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुलं लगडलेली दिसतात आणि लोक त्याला रानातलं दुर्मीळ फूल समजतात. हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, आपल्याकडे मुद्दाम लावलेलं. झपाट्यानं वाढतं, हिरवळीच्या खताला चांगलं. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. घाणेरीची रंगीबेरंगी फुलंही अमेरिकेकडून आलेल्या झुडपाची आणि तिनं तर रानाची जमीन अडवलेली आहे. यांना नावं ठेवायचं कारण नाही, पण पळसाच्या आणि सावरीच्या जागी गिरिपुष्प लावलं की काम झालं असं मानलं जातं ते मला पटत नाही. शिंजीर आणि भोरड्या ज्या रसावर उन्हाळ्याच्या तोंडाशी जगतात तो रस इथल्या झाडांनी त्यांच्यासाठी साठवलेला असतो.

यंदा लवकर फुलला, म्हणजे हवामान बिघडलं?

एका वर्षाच्या एका झाडावरून असं म्हणता येत नाही. पळसाचा दिवस अनेक गोष्टींवर ठरतो : परतीचा पाऊस किती झाला, त्यामुळे पानं किती दिवस टिकली, थंडी किती पडली, त्या जागी माती किती खोल आहे. कार्तिकात अवकाळी झाला तर पानगळ लांबते आणि बहरही लांबतो. पाऊस लवकर आटोपला तर उलट. एकाच बांधावरचे दोन पळस आठवड्याच्या अंतरानं फुलतात, कारण झाड आणि झाड वेगळं असतं.

पण म्हणून प्रश्न फोल ठरत नाही. त्याचं उत्तर नोंदींत आहे. जपानमध्ये क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन ८१२ पासूनच्या आहेत, दरबारी रोजनिशांमधून गोळा केलेल्या. मधली काही वर्षं गाळलेली असली तरी चित्र स्पष्ट दिसतं : शतकानुशतकं बहर एप्रिलच्या मध्याच्या आसपास राहिला आणि गेल्या शंभर-दीडशे वर्षांत तो सातत्यानं अलीकडे सरकला. २०२१ साली तो २६ मार्चला आला, तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा. एका वर्षाच्या फोटोतून हे कधीच कळलं नसतं.

आपल्या पळसाची अशी नोंद कुणी ठेवायची? आपणच. अंगणातलं, शाळेतलं किंवा रोजच्या रस्त्यावरचं एकच झाड निवडावं. पहिली कळी, पहिलं उमललेलं फूल, अर्धं झाड फुललेलं, शेवटचं फूल, पहिली पालवी, अशा तारखा वहीत लिहाव्यात. दर वर्षी झाड तेच हवं. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात देशभरातली माणसं आणि शाळेतली मुलं आठवड्याला एकदा अशा नोंदी करतात. आपल्या झाडाची नोंद तिथेही देता येते. दहा-पंधरा वर्षांच्या अशा वहीची किंमत हजार फोटोंहून जास्त आहे.

बहावा आणि पंचेचाळीस दिवस

बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस, असं दर वर्षी ऐकू येतं. शेतकऱ्यांच्या निरीक्षणाला मी मान देतो, आणि हे निरीक्षण बऱ्याचदा खरंही ठरतं. पण ते का ठरतं ते पाहा. बहावा एप्रिलच्या उत्तरार्धात फुलतो. त्यात ४५ दिवस मिळवले की जूनचा पहिला पंधरवडा येतो, आणि मोसमी पाऊस आपल्याकडे येण्याचे दिवस साधारण तेच. दोन्ही गोष्टी ऋतुचक्राला बांधलेल्या असल्यानं त्यांच्यातलं अंतर सारखं राहतं. बहाव्याला पुढच्या पावसाची खबर लागते असा त्याचा अर्थ नाही. तो भोवतालच्या उष्णतेला आणि कोरडेपणाला प्रतिसाद देतो. मोसमी पाऊस लवकर की उशिरा हे दूरच्या समुद्रांवर ठरतं. बहावा कधीकधी पावसाळा संपताना पुन्हा थोडासा फुलतो; तेव्हा ४५ दिवसांनी पाऊस येत नाही. पेरणी बहाव्यावर नको, जमिनीत पुरेशी ओल झाल्यावरच करावी.

मोह, पाचोळा आणि वणवा

मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. भिल्ल, पावरा घरांतल्या बायका-मुलं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. साखरेनं भरलेली ही फुलं वाळवून वर्षभर वापरतात, विकतात; नंतर येणाऱ्या बियांचं तेल काढतात. सातपुड्यातल्या कितीतरी घरांचा उन्हाळा या झाडावर निभतो. रस्त्याकडेच्या मोहाखाली गाडी लावून फुलं तुडवू नयेत, ते कुणाच्या तरी कमाईवर पाय देणं आहे.

झाडाखाली पाचोळा असला की फुलं दिसत नाहीत, म्हणून तो जाळायची रीत आहे. पानगळीचं रान म्हणजे वाळलेल्या पानांचा थर. एका झाडाखालची आग वाऱ्यानं सुटली की डोंगरभर जाते. असे वणवे वाटसरूनं टाकलेल्या विडीनंही लागतात, म्हणून दोष एकाच्याच माथी मारता येत नाही. वणव्यात मोठी झाडं बहुतेक वाचतात. पळस तर मुळांपासून पुन्हा फुटतो. मरतात ती वर्षा-दोन वर्षांची रोपं. दर वर्षी रोपं जळत राहिली तर म्हातारी झाडं फुलत राहतात आणि त्यांच्या मागे कुणी उरत नाही. रस्त्यावरून हे दिसत नाही, कारण फुलं तर दर फाल्गुनात असतातच. पाचोळा खराट्यानं बाजूला करणं किंवा झाडाखाली जाळी बांधणं, या दोन्ही गोष्टींनी फुलं स्वच्छ मिळतात आणि आग लागत नाही. जाळीला पैसे लागतात. ते त्या बायकांनीच काढावेत अशी अपेक्षा मला चुकीची वाटते.

पांढरा किंवा पिवळा पळस दिसला तर

हजारो केशरी पळसांत एखादा पिवळा किंवा पांढरट निघतो. जात तीच, रंगद्रव्य कमी पडलेलं, एवढाच फरक. पण त्याच्याभोवती गुप्तधनाच्या आणि जादूटोण्याच्या गोष्टी जोडलेल्या आहेत आणि त्यापायी अशा झाडांची साल, मुळं, फांद्या ओरबाडल्या जातात. पाहावा, फोटो काढावा, पण ठिकाण कुणाला कळवू नये. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप जाते, ती फोटो पाठवण्याआधी बंद करावी.

रंगपंचमीला पळसाचा रंग करायचा असेल तर फांद्या तोडायची मुळीच गरज नाही. अभयारण्याबाहेर, गावाच्या शिवारात खाली पडलेली ताजी फुलं पुरतात. रात्रभर पाण्यात भिजवावीत किंवा उकळावीत. पिवळा-केशरी रंग उतरतो. चिमूटभर चुन्यानं तो गडद होतो, पण चुना त्वचेला आणि डोळ्यांना बाधतो, म्हणून मुलांच्या अंगावर उडवायच्या रंगात घालू नये.

ही झाडं लावता येतात का?

येतात, आणि खर्च जवळजवळ नाही. पळसाच्या शेंगा मे-जूनमध्ये शिवारात खाली मिळतात. बी ताजंच वापरावं, जुन्या बियांची रुजण्याची ताकद लवकर कमी होते. पिशवीत रोप करण्यापेक्षा शेंगेसकट बी जिथे झाड हवं तिथेच लावावं, कारण त्याचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि रोप उपटून लावताना तेच तुटतं. सावरीची बोंडं फुटायच्या बेतात असताना उतरवावीत, नाहीतर बी कापसाबरोबर उडून जातं. तेही त्याच पावसाळ्यात पेरावं. पांगाऱ्याला तर बियाचीही गरज नाही. मनगटाएवढी फांदी मृगाच्या तोंडावर बांधाला रोवली की ती धरते. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी आणि शेळ्यांपासून काट्यांचं कुंपण, एवढं मात्र या तिघांनाही हवं.